बिआरित्झचा कॅडी

ब्रिटनमध्ये १८६० सालापासून गोल्फची एक खुली अजिंक्यपद स्पर्धा भरत आलेली आहे. नुसते ‘ओपन’ म्हटले तरी जगभरच्या गोल्फ खेळणाऱ्यांना तीच स्पर्धा अभिप्रेत असते. तिच्या विजेत्यांची यादी आरंभापासून वाचीत गेले, तर पहिल्या जवळजवळ चार तपांत ब्रिटिश नावांखेरीज दुसरे काही दृष्टीस पडत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढलेला हा खेळ. त्याचे अजिंक्यपद स्कॉट माणसाकडून फार तर इंग्रजाकडे जावयाचे, इंग्रजाकडून पुन्हा स्कॉटकडे यावयाचे, असा जणू घरातल्या घरातला व्यवहार चाललेला होता. आणि १९०७ या सालासमोर एकाएकी एक वेगळेच नाव येते : आर्नो मासी. देश, फ्रान्स.

या नावापाशी वाचणारा क्षणभर थबकतो. पुढे यादी पुन्हा ब्रिटिश नावांकडे वळते, मग अमेरिकन नावे येऊ लागतात, दोन महायुद्धांची रिकामी वर्षे येतात. परंतु युरोपच्या मुख्य भूमीवरील दुसरे नाव भेटण्यासाठी १९७९ सालापर्यंत, म्हणजे स्पेनच्या सेव्हे बायेस्तेरोसपर्यंत, वाट पाहावी लागते. फ्रेंच नाव तर त्या यादीत पुन्हा आलेच नाही. हा एकटा फ्रेंच माणूस कोण होता, परक्यांच्या घरात तो कोणत्या दाराने शिरला आणि शिरल्यावर त्याच्या पदरात नेमके काय पडले, हे पाहण्यासारखे आहे.

गोल्फचा खेळ समजावयाला सोपा आहे. लहानसा टणक चेंडू काठीने टोलवीत दूरवर न्यावयाचा आणि गोट्या खेळताना मुले जमिनीत जशी गल करतात तशा एका खळग्यात शेवटी घालावयाचा. असे अठरा खळगे झाले की एक फेरी पूर्ण होते. साऱ्या फेऱ्यांत मिळून ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूला स्पर्शही करीत नाही. तो आपल्या वाटेने जातो, तुम्ही आपल्या वाटेने. मध्ये असतात ते वाळूचे खड्डे, दाट गवत, पाणी आणि वारा. या मैलोगणती वाटचालीत काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन खेळणाऱ्याच्या मागोमाग चालणारा जो माणूस असतो, त्याला ‘कॅडी’ म्हणतात. चेंडू कोठे पडला हे त्याने ध्यानात ठेवावयाचे, हवी ती काठी हवी तेव्हा पुढे करावयाची आणि दिवसाअखेर ठरलेली मजुरी घेऊन निघून जावयाचे. आर्नो मासीच्या आयुष्याची सुरुवात या पिशवीपासून झाली.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या सरहद्दीलगत, अटलांटिकच्या काठी बिआरित्झ नावाचे गाव आहे. हा बास्क लोकांचा मुलूख. मूळचे ते मासेमारीचे गाव. परंतु सम्राट तिसरा नेपोलियन व त्याची राणी युजेनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे आपला प्रासाद बांधला आणि गावाचे दैवच पालटले. राजाच्या मागे सरदार आले, सरदारांच्या मागे श्रीमंत आले आणि हिवाळ्यातल्या सौम्य हवेसाठी इंग्रज मंडळी तेथे दरवर्षी मुक्कामाला येऊ लागली. त्यांचा राबता किती वाढला होता याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. १९०८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे पंतप्रधानपद स्वीकारण्याचा विधी ॲस्क्विथ यांनी लंडनमध्ये न करता बिआरित्झला केला. कारण सम्राट सातवा एडवर्ड त्या वेळी तेथे विश्रांतीसाठी राहिलेला होता.

इंग्रज जेथे गेले तेथे त्यांचा खेळही गेला. फ्रान्समधील पो या गावी १८५६ सालीच गोल्फचा क्लब निघाला होता. बिआरित्झला दीपस्तंभाच्या परिसरात १८८८ साली गोल्फचे मैदान आखले गेले. मैदान आखणारे स्कॉटिश, खेळणारे बहुतेक इंग्रज. पिशव्या वाहणारी पोरे मात्र गावातली, बास्क.

आर्नो मासीचा जन्म १८७७ चा. बाप मेंढपाळ. मुलाने सार्डिन मासे पकडणाऱ्या होडीवर काम धरले आणि त्यात भर म्हणून गोल्फच्या मैदानावर कॅडीची मजुरी पत्करली. मैदान आखले गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. कोणी त्याला शिकविले नाही. पण शेकडो खेळाडूंच्या मागे चालत असता त्याने त्यांचे टोले पाहिले. चांगल्या टोल्यापेक्षा वाईट टोले पाहण्याची संधी कॅडीला अधिक मिळते आणि चूक कोठे होते हे त्याला खेळणाऱ्याच्याही आधी कळते. समुद्रावर वारा कसा फिरतो हे होडीवर शिकलेल्या मुलाला मैदानावरचा वारा परका नव्हता. मूळचा तो डावखुरा. परंतु त्याचे नाव झाले ते उजव्या हाताने खेळून. जे साधन समोर आले त्याच्याशी हाताला जुळवून घ्यावयास लावणे, हे त्याच्या स्वभावातच असावे.

या पोराच्या हातात काही वेगळे आहे हे मैदानावर येणाऱ्या मंडळींच्या ध्यानात आले आणि एकोणिसाव्या शतकातून विसाव्यात पाऊल पडण्याच्या सुमारास मासी स्कॉटलंडला गेला. एडिनबरोच्या पूर्वेस नॉर्थ बेरिक नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. बेन सेयर्स हा तेथला नामांकित धंदेवाईक खेळाडू व शिक्षक. त्याच्या सहवासात मासीने आपल्या कसबाला शिस्त लावली. खेळाची भाषा, खेळाचे शिष्टाचार आणि मुख्य म्हणजे खेळाचे मूळचे वारे त्याच्या अंगवळणी पडले. त्या भागातल्याच एका मुलीशी त्याने लग्न केले. अशा रीतीने स्कॉटलंड ही त्याची केवळ शाळा राहिली नाही, सासुरवाडी झाली.

येथे ‘धंदेवाईक’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आज धंदेवाईक गोल्फ खेळाडू म्हटले की कोट्यवधींची बक्षिसे, विमाने आणि जाहिराती डोळ्यांपुढे येतात. त्या काळी तो शब्द कारागिराच्या पंक्तीतला होता. क्लबच्या आवारात एखाद्या शेडमध्ये बसून सभासदांच्या काठ्या दुरुस्त कराव्या, चेंडू विकावे, शेठ-सरदारांना खेळाचे धडे द्यावे आणि वर्षातून काही वेळा स्पर्धेत उतरून चार पौंड मिळवावे, हा धंदेवाईकाचा संसार. क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला सामान्यतः प्रवेश नसे. १९२० साली डील येथे ओपन भरली, तेव्हादेखील अमेरिकेच्या वॉल्टर हेगनला धंदेवाईक म्हणून क्लबच्या इमारतीत कपडे बदलू देण्यात आले नाहीत. त्याने एक आलिशान मोटार भाड्याने आणून दारातच उभी केली व तीत कपडे बदलले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. ज्यांचा खेळ पाहावयास लोक कोसोगणती दूरवरून येत, त्यांनाच खेळाच्या घराचा उंबरठा वर्ज्य होता.

त्या पिढीच्या तीन मोठ्या खेळाडूंना ‘त्रिकूट’ म्हणून ओळखतात : हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर आणि जेम्स ब्रेड. १८९४ पासून १९१४ पर्यंत ओपन एकवीस वेळा भरली. त्यांतली सोळा अजिंक्यपदे या तिघांनी आपापसांत वाटून घेतली : व्हार्डनने सहा, टेलर व ब्रेड यांनी प्रत्येकी पाच. उरलेल्या पाच वर्षांत पाच निरनिराळे खेळाडू जिंकले. या तिघांच्या ऐन बहरात अजिंक्यपद मिळविणे म्हणजे भरल्या ताटावरून घास उचलून घेण्यासारखेच होते.

मासी एकदम वर आला नाही. १९०२ साली हॉयलेकच्या ओपनमध्ये तो पहिल्या दहांत होता. १९०५ मध्ये सेंट ॲण्ड्र्यूजला त्याने पाचव्या स्थानापर्यंत मजल मारली. १९०६ मध्ये म्यूरफील्डला सहाव्या. त्याच १९०६ साली फ्रान्सची स्वतःची खुली स्पर्धा सुरू झाली. व्हर्सायजवळच्या ला बुली येथील मैदानावर भरलेली ती पहिलीच स्पर्धा मासीने जिंकली आणि १९०७ साली पुन्हा जिंकली. तेव्हा १९०७ च्या जूनमध्ये तो हॉयलेकला उतरला तो कोणी अनोळखी पाहुणा नव्हता. तथापि अजिंक्यपद त्याचे होईल असे मानणारेही थोडेच असावेत.

हॉयलेक हे लिव्हरपूलच्या पलीकडे, डी नदीच्या मुखाशी वसलेले गाव आहे. तेथले मैदान सपाट. पूर्वी त्यावर घोड्यांच्या शर्यती होत असत. डोंगराचा आडोसा नाही, झाडांची ओळ नाही. समुद्रावरून निघालेला वारा थेट खेळणाऱ्याच्या अंगावर येतो. स्पर्धा २० व २१ जून या दोन दिवसांची होती : रोज दोन फेऱ्या, म्हणजे रोज छत्तीस खळगे. त्या दोन दिवसांत वाऱ्याने असा जोर धरला होता की भल्याभल्यांचे आकडे बिघडले. उंच उडविलेला चेंडू कोठच्या कोठे भरकटत जाई आणि हिरवळीवर चेंडूला हलकेच ढकलतानाही पाय रोवून उभे राहावे लागे.

मासी देहाने भरदार, मिशाळ आणि खांद्यांनी रुंद होता. अशा हवेत बांध्याचा उपयोग होतोच. परंतु त्याची ख्याती होती ती ताकदीच्या अगदी उलट गुणाविषयी. हिरवळीवरचे शेवटचे, नाजूक टोले तो फार चांगले मारी. पहिल्या फेरीत त्याला ७६ टोले लागले, दुसऱ्या फेरीत ८१. तिसऱ्या फेरीत त्याने ७८ मारले. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा मासीचे टोले २३५ झाले होते आणि टेलरचे २३४. एका टोल्याने इंग्रज पुढे होता आणि एकच फेरी उरलेली होती.

टेलर म्हणजे सामान्य प्रतिस्पर्धी नव्हे. वाऱ्यात चेंडू खाली ठेवून सरळ मारण्याविषयी त्याचा हातखंडा होता आणि त्या वेळेपर्यंत तीन अजिंक्यपदे त्याच्या गाठीला होती. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हा सामना इंग्लंड व फ्रान्स यांचा होता. परंतु त्या दोघांचे पूर्वचरित्र शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वेगळाच अर्थ दिसू लागतो. टेलर हा डेव्हनच्या किनाऱ्यावरील एका गरीब घरचा मुलगा. बाप तो लहान असतानाच वारला आणि टेलर वेस्टवर्ड होच्या मैदानावर श्रीमंतांच्या पिशव्या वाहत मोठा झाला. १९०१ साली धंदेवाईक खेळाडूंची संघटना उभी राहिली तीत त्याचाच पुढाकार होता. म्हणजे त्या दिवशी हॉयलेकच्या वाऱ्यात जे दोघे अजिंक्यपदासाठी झुंजत होते, ते दोघेही एकेकाळचे कॅडी. त्यांच्या भाषा वेगळ्या होत्या, ध्वज वेगळे होते; खांद्यावरचा घट्टा मात्र एकच होता.

चौथ्या फेरीत टेलरला ८० टोले लागले. मासीने ७७ मध्ये फेरी पुरी केली. एकूण मासी ३१२, टेलर ३१४. दोन टोल्यांनी अजिंक्यपद इंग्लिश खाडीपलीकडे गेले. आजच्या श्रोत्याला ३१२ हा आकडा मोठा वाटेल. कारण त्याच हॉयलेकच्या मैदानावर २००६ साली टायगर वुड्सने २७० टोल्यांत ओपन जिंकली. परंतु त्या दोन आकड्यांमध्ये शंभर वर्षांची साधने उभी आहेत. मासीच्या हातातल्या काठीचा दांडा हिकरीच्या लाकडाचा होता. चेंडू रबरी धाग्यांचा होता, पण आजच्या चेंडूच्या मानाने ओबडधोबड. मैदानाची निगा आजच्यासारखी नव्हती. आणि वाऱ्याला तर कोणत्याच काळी साधन सापडलेले नाही.

विजयानंतर मासीने दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा जयजयकार केला असे सांगतात. ब्रिटन व फ्रान्स यांच्यातला सलोख्याचा करार होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्यामुळे त्याच्या या शब्दांना इंग्रज प्रेक्षकांनी मनापासून दाद दिली असेल. त्याच दिवसांत त्याला मुलगी झाली आणि तिच्या नावात त्याने ‘हॉयलेक’ हे नाव गुंफले. दुसरे कोणी चांदीचे तबक भिंतीवर टांगले असते. ज्याला आपले असे मैदान नव्हते, त्याने मैदानाचे नाव लेकीला दिले आणि ते घरी आणले.

कथा येथे संपली असती तर ती एका भाग्याच्या दिवसाची कथा झाली असती. परंतु चार वर्षांनी, १९११ साली, सॅण्डविचच्या मैदानावर मासीची अधिक कठीण कसोटी लागली. चार फेऱ्यांअखेर हॅरी व्हार्डन व तो, दोघांचेही ३०३ टोले झाले. बरोबरी फोडण्यासाठी त्या काळी आणखी छत्तीस खळगे खेळावे लागत. समोर होता तो व्हार्डन : जर्सी बेटावरच्या माळ्याचा मुलगा, हाही लहानपणी पिशव्या वाहिलेला, चार वेळचा अजिंक्यवीर, क्षयासारख्या दुखण्यातून उठून पुन्हा उभा राहिलेला आणि ज्याच्या टोल्यातील डौलाला त्या काळात जोड नव्हती असा. जर्सी हे बेट ब्रिटिश राजमुकुटाखालचे खरे, परंतु अंतराने ते इंग्लंडपेक्षा फ्रान्सच्या अधिक जवळ आहे. तेव्हा भूगोलाच्या दृष्टीने हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांचाच सामना होता.

त्या दिवशी व्हार्डन चुकला नाही. चौतीस खळगे संपेपर्यंत मासी इतका मागे पडला होता की उरलेल्या दोहोंत ते अंतर भरून निघणे शक्य नव्हते. पस्तिसाव्या खळग्यावर त्याने सामना सोडून दिला. व्हार्डनचे तोपर्यंत १४३ टोले झाले होते, मासीचे १४८. शेवटचा खळगा खेळलाच गेला नाही.

या माघारीकडे दोन प्रकारांनी पाहता येईल. अखेरच्या टोल्यापर्यंत झुंजावयास हवे होते, असे एखादा म्हणेल. आणि खेळाच्या शिस्तीच्या दृष्टीने ते चूक नाही. पण मासी हौशी खेळाडू नव्हता, कारागीर होता. सुताराला जसे जोड बसला की नाही हे पुन्हा मापून पाहावे लागत नाही, तसे त्याला त्या क्षणी कळले असावे की आज समोरच्याचे काम आपल्यापेक्षा सरस उतरले आहे. ते मान्य करावयाला त्याने आणखी एका खळग्याची मुदत मागितली नाही. जिंकण्याच्या दिवशी त्याने आरोळी ठोकली होती. हरण्याच्या दिवशी त्याने चेंडू उचलला. दोन्ही गोष्टी सारख्याच उघड्या मनाने केल्या.

१९११ हे वर्ष तरीही त्याला रिते गेले नाही. त्याच वर्षी त्याने फ्रेंच ओपन तिसऱ्यांदा जिंकली आणि ‘ल गोल्फ’ या नावाने खेळावरचे आपले पुस्तक फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. सार्डिनच्या होडीवरून आलेल्या माणसाचे पुस्तक इंग्रजांनी आपल्याच खेळाविषयी भाषांतरून वाचावे, ही गोष्ट हॉयलेकच्या विजयाहून लहान मानण्याचे कारण नाही. १९१० मध्ये बेल्जियमची खुली स्पर्धा त्याच्याकडे आली होती. १९१२ मध्ये स्पेनची पहिलीवहिली खुली स्पर्धाही त्याने जिंकली. त्याच १९१२ साली फ्रेंच ओपन जिंकणारा जाँ गासिआ हा बिआरित्झचाच. एक पोर ज्या वाटेने गेला त्या वाटेवर गावातल्या दुसऱ्या पोरांची पावले पडू लागली होती.

मग १९१४ साल उजाडले. त्या वर्षीच्या ओपननंतर पुढच्या पाच वर्षांत ही स्पर्धा भरलीच नाही. मैदानांवर मेंढरे चरू लागली आणि खेळणारे खंदकांत गेले. मासीचे वय तेव्हा सदतिशीचे, गोल्फच्या खेळाडूच्या दृष्टीने ऐन पिकलेले. तो फ्रेंच सैन्यात दाखल झाला आणि व्हर्दँच्या रणांगणावर जखमी झाला. व्हर्दँ हे नाव उच्चारल्यावर दुसरे काही बोलण्याची आवश्यकता राहत नाही. १९१६ साली तेथे जी दहा महिन्यांची लढाई झाली, तीत दोन्ही बाजूंचे मिळून लक्षावधी लोक मेले किंवा जायबंदी झाले. ज्या शरीरावर माणसाचे पोट अवलंबून असते, त्या शरीराची जखम ही दुहेरी असते.

युद्ध संपले तेव्हा मासी एक्केचाळीस वर्षांचा झाला होता. खेळाचा काळही पालटला होता. अमेरिकेतून तरुण, ताज्या दमाचे खेळाडू अटलांटिक ओलांडून येऊ लागले होते. मासीने आता घरी बसून शिकवण्या कराव्या, असेच कोणालाही वाटले असते. त्याने शिकवण्याही केल्या आणि खेळणेही सोडले नाही. १९२१ च्या ओपनमध्ये तो पुन्हा पहिल्या दहांत आला. १९२५ साली, अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने फ्रेंच ओपन चौथ्यांदा जिंकली. पहिल्या विजयाला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. आणि १९२७ व १९२८ या लागोपाठच्या वर्षी, वयाच्या पन्नाशीत, त्याने स्पेनची खुली स्पर्धा आणखी दोनदा जिंकली. एका दिवसाच्या भाग्याने असे घडत नाही. हॉयलेकच्या वाऱ्याने त्याला अजिंक्यपद दिले असेल. वीस वर्षांनी पन्नाशीच्या हातून तेवढीच नाजूक पट मारून घेतली ती मात्र त्याच्या कसबाने.

या साऱ्या खटाटोपातून त्याला धन किती मिळाले? त्या काळच्या बक्षिसांवर कोणी गडगंज होत नसे. म्हातारपणी त्याच्याजवळ फारसे काही उरलेले नव्हते. १९५० साली तो वारला. त्याला मूठमाती मिळाली ती बास्क भूमीत नव्हे, तर स्कॉटलंडमध्ये, एडिनबरो येथे. ज्या देशात तो शिकावयास गेला, ज्या देशाचा जावई झाला आणि ज्या देशाच्या खेळात त्याने धन्यांना मागे टाकले, त्याच देशाच्या मातीत तो विसावला.

त्याच्यानंतर फ्रान्सने चांगले खेळाडू दिले नाहीत असे नाही. बिआरित्झच्याच शेजारच्या बास्क किनाऱ्यावर जिचे घराणे गोल्फसाठी प्रसिद्ध, त्या कातरिन लाकोस्तने १९६७ साली अमेरिकेची स्त्रियांची खुली स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडू असून ती स्पर्धा जिंकणारी ती आजवरची एकमेव स्त्री. २०२३ साली सेलिन बुतिए हिने एव्हियांचे अजिंक्यपद मिळविले. परंतु पुरुषांच्या प्रमुख स्पर्धांत मासी अजूनही एकटाच आहे. त्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला तो जाँ व्हान द व्हेल्द. १९९९ साली कार्नूस्टीच्या ओपनमध्ये शेवटच्या खळग्यापाशी तो तीन टोल्यांनी पुढे होता. सहा टोल्यांत तो खळगा पुरा केला असता तरी अजिंक्यपद त्याचे होते. चेंडू प्रेक्षकांच्या मचाणावर आदळून मागे आला, मग गवतात, मग ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो ओढ्याच्या पाण्यात उभा राहिला ते दृश्य जगाने पाहिले. त्याला सात टोले लागले आणि बरोबरी फोडण्याच्या खेळात तो हरला. त्यानंतर त्याने कोणाला दोष दिला नाही. आपल्या त्या फजितीविषयी तो हसतमुखाने बोलत राहिला. सॅण्डविचला पस्तिसाव्या खळग्यावर चेंडू उचलणाऱ्या मासीचा तो खरा वारस म्हटला पाहिजे.

या कथेचा आपल्या देशाशी संबंध नाही असे मात्र समजू नये. गोल्फ युरोपच्या मुख्य भूमीवर पोहोचण्यापूर्वीच भारतात आला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पो येथला क्लब या दोहोंनंतरचा. आणि येथेही खेळ साहेबांचा, पिशवी मात्र स्थानिक पोराच्या खांद्यावर, हीच रीत होती. ती पिशवी खाली ठेवून काठी हाती घेणारे येथेही निघाले. फक्त त्यांना वेळ अधिक लागला. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली भारताची खुली स्पर्धा जिंकली. धंदेवाईक भारतीयाने ती जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. कलकत्त्याच्या मैदानाची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने ती २०१६ व २०१७ साली लागोपाठ जिंकली. बिआरित्झ, वेस्टवर्ड हो, जर्सी, दिल्ली, कलकत्ता. गावे दूरदूरची आहेत, पण त्या मुलांचा वर्ग एकच भरला होता. मैदान रिकामे झाल्यावर, धनी घरी गेल्यावर, उसन्या किंवा मोडक्या काठीने टाकाऊ चेंडू मारीत ती शिकली.

क्लबांची दारे पुढे धंदेवाईकांना उघडली. पिशवी वाहणाऱ्यालाही आता मोठ्या खेळाडूच्या बक्षिसात वाटा असतो. या बदलाचे श्रेय एकट्या मासीला देणे अतिशयोक्तीचे होईल. त्याने चळवळ केली नाही, भाषणे केली नाहीत. त्याने एवढेच केले की ज्यांच्या पिशव्या वाहिल्या त्यांच्याच खेळात, त्यांच्याच देशात, त्यांच्याच वाऱ्यात त्याने त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूपेक्षा दोन टोले कमी मारले.

विजेत्याला मिळणारी ती चांदीची सुरई आजही दरवर्षी नव्या हातात जाते. तिच्यावर विजेत्यांची नावे कोरलेली असतात. ज्याच्या हातात ती येईल त्याने ती थोडी फिरवून १९०७ हे साल शोधले, तर तेथे बिआरित्झच्या मेंढपाळाच्या मुलाचे नाव त्याला सापडेल. त्याच्या वर जेम्स ब्रेडचे नाव आहे, खालीही ब्रेडचेच.